चावीवाला चोर आणि कुलूप न्याहाळणारा पोरगा

बीड जिल्ह्यात पोरांच्या हातातल्या मोबाईलविषयी बोलायची वेळ आली की शाळेच्या पालक मेळाव्यापासून पोलिसांच्या सायबर जनजागृतीपर्यंत सूर एकच लागतो. गेम ही जुगाराची पहिली पायरी, हॅकिंग म्हणजे चोरी, आणि संगणक म्हणजे एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र. पहिल्या दोहोंपासून पोरगं लांब ठेवायचं, तिसरं मिळवून द्यायचं, की आईबापाचं काम झालं. असं सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. ऑनलाइन रम्मीपायी कर्जबाजारी झालेल्या तरुणांच्या बातम्या मराठवाड्यातल्या दैनिकांत येतात आणि त्या खऱ्या असतात. तरीही या उपदेशाने तीन निराळ्या गोष्टींची एकच मोट बांधली आहे, आणि दोष भलत्याच्याच माथी मारला आहे. संगणकाच्या वाटेने या जिल्ह्यात आणि राज्यात गेल्या काही वर्षांत जे मोठे गैरव्यवहार गाजले, ते तपासून पाहिले तर कुठे कुलूप फोडलेले दिसत नाही. ज्यांच्या हाती रीतसर दिलेली चावी होती त्यांनी ती फिरवली. कुलूप कसे बनते हे न्याहाळत बसणारा पोरगा तिथे नव्हताच. असता तर चोरी लवकर उघडकीला येण्याची शक्यता होती.

पीकविम्याचेच बघा. विमा कंपन्या बीडकडे फिरकेनात तेव्हा खरीप २०२० मध्ये नफ्यातोट्याला मर्यादा घालणारे ८०:११० चे सूत्र इथे राबवले गेले आणि 'बीड पॅटर्न' म्हणून राज्यभर मिरवले. पुढे खरीप २०२३ पासून शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणून बाकीचा सरकारने उचलला. अर्ज भरायचा तो बहुतेकांनी सीएससी केंद्रातून, आणि दर अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळायचे. मग सरकारी जमिनीवर विमा उतरला, देवस्थानाच्या जमिनीवर उतरला, ज्याला पत्ताही नाही अशा माणसाच्या गटावरही उतरला. बीडचे नाव यात सर्वात पुढे होते. डिसेंबर २०२४ मध्ये आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी हा विषय विधानसभेत लावून धरला, योजनेत गैरप्रकार झाल्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनीही मान्य केले, आणि २०२५च्या खरिपाआधी एक रुपयाची योजना गुंडाळावी लागली. या सगळ्या प्रकारात सर्व्हर कुणी फोडला? कुणीच नाही. आयडी खरा, पासवर्ड खरा, पोर्टल सरकारी. यंत्राने तक्रार केली नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने सारे नियमात होते. हे ओळखायला लागणारे कौशल्य मोठे नव्हते. एका रकान्यात गावाच्या गटनंबरांचे क्षेत्र आणि जमिनीचा मालक, दुसऱ्यात विमा उतरवलेले क्षेत्र आणि विमा काढणारा. दोन्ही शेजारी ठेवून जिथे मेळ बसत नाही तिथे खूण करायची. बारावीतल्या पोराला पन्नास ओळींचा प्रोग्राम लिहून हे जमते. अट एकच, की कुणीतरी त्याला 'हे उघडून बघ' असे म्हटलेले हवे, आणि ती माहिती त्याच्या हाती पडेल अशी ठेवलेली हवी.

परीक्षांची गोष्ट वेगळी नाही. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, त्या डिसेंबरात म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द करावी लागली, आणि शिक्षक पात्रता परीक्षेत तर निकालच बदलले गेल्याचे तपासात पुढे आले. साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. बीड, केज, गेवराईची पोरे पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षे ज्या परीक्षांसाठी बसतात, त्याच या परीक्षा. अटक कुणाकुणाला झाली? आरोग्य खात्याच्या सहसंचालकाला, परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना, परीक्षा घेणाऱ्या खासगी कंपनीच्या संचालकाला. सगळे अधिकृत. 'हॅकरने पेपर फोडला' असे म्हणता आले असते तर कित्येकांना सोयीचे झाले असते. ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेत बीडकरांच्या ठेवी अडकल्या, तेव्हाही कुणी संगणकात घुसून पैसे नेल्याची तक्रार नव्हती. ते प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्यावर इथे अधिक बोलत नाही.

आता पैशाच्या खेळांकडे. इथे मात्र संगणकाच्या हौशी मंडळींशीच माझे भांडण आहे. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संसदेने दोन दिवसांत संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींनी त्यावर सही केली, तेव्हा तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्यावर घाला आला म्हणून यातल्या अनेकांनी गळा काढला. त्यांचे म्हणणे असे, की रम्मी हा कौशल्याचा खेळ आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच तसे म्हटले आहे. म्हटले आहे, खरेच. पण तो खटला सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रम्मीचा होता, आणि न्यायालयापुढे होते ते हाताने पिसलेले पत्ते. पारावर तिर्रट खेळणारेसुद्धा एवढे जाणतात की एकाने पिसायचे, दुसऱ्याने काटायचे आणि बाकीच्यांनी पिसणाऱ्याच्या बोटांवर नजर ठेवायची. त्या जुगाराचे मी समर्थन करत नाही. पण त्यात निदान कॅट डोळ्यांसमोर असतो. ॲपमध्ये कॅट कुणी पिसला? कंपनीच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामने. समोर बसलेला 'राजू_९९' माणूस आहे की तोही प्रोग्रामच? खेळणाऱ्याला ते कळायची सोय नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडीने विन्झो या कंपनीविरुद्ध नेमका हाच आरोप ठेवला, की ग्राहकांना न सांगता त्यांचा डाव माणसाऐवजी सॉफ्टवेअरशी लावला जात होता. आरोप सिद्ध व्हायचा आहे. पण तो सिद्ध होवो वा न होवो, खेळणाऱ्याला तो तपासता येत नव्हता ही गोष्ट उरतेच. जो पत्ता कुणाला दिसत नाही त्यावर कौशल्याची भाषा कशी करायची? आपले म्हणवणाऱ्या यंत्रात डोकावता आले पाहिजे, हे संगणकाच्या हौशी माणसाचे पहिले तत्त्व. ते मानणाऱ्याने या बंद डब्यांची वकिली करणे मला समजत नाही. सरकारच्याच अंदाजाने ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये घालवतात. हा धंदा बंद झाला तर संगणकविद्येचे काडीइतकेही नुकसान नाही.

गंमत अशी, की पालक मेळाव्यातला उपदेश जो भेद करत नाही तो या कायद्याने केला आहे. पैसे लावायचे खेळ बंद. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे ऑनलाइन खेळ वेगळे, त्यांना प्रोत्साहन द्यायचे. शिक्षाही पैशाचा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसून मोबाईलवर रम्मी खेळत असल्याचा व्हिडिओ बाहेर आला, तेव्हा कोकाटे यांनी आपण मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो असा खुलासा केला. त्यानंतर त्यांचे कृषी खाते गेले आणि त्यांना क्रीडा खाते मिळाले. खेळ आणि जुगार यांची सरमिसळ किती खोल गेली आहे, याचा याहून चांगला दाखला शोधूनही सापडायचा नाही.

खेळ हा संगणक शिकण्याच्या आड येतो, हा दुसरा समज. इतिहास त्याच्या विरुद्ध आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने ग्रहांमधून यान फिरवण्याचा एक गेम लिहिला होता. मोठ्या संगणकावर तो एकदा खेळायला सुमारे ७५ डॉलरचा खर्च यायचा, म्हणून त्याने कोपऱ्यात पडून असलेले पीडीपी-७ नावाचे लहान यंत्र धरले. गेम त्यावर चालवता चालवता त्या यंत्राची अंतर्बाह्य ओळख झाली आणि त्यातून युनिक्स उभी राहिली. युनिक्सच्या धर्तीवर १९९१ मध्ये फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने हौसेखातर लिनक्स लिहायला घेतली, आणि आज माजलगावच्या बसस्थानकावर कुणाच्याही हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. बरे, हे जुने झाले म्हणाल, तर ज्या पबजीच्या नावाने आपण बोटे मोडतो तिचाच जन्म बघा. ब्रेंडन ग्रीन हा आयर्लंडचा, छायाचित्रण आणि वेब डिझाइन करणारा माणूस. 'आर्मा' या युद्धाच्या गेममध्ये बदल करण्याची साधने चेक कंपनीने खेळणाऱ्यांना खुली ठेवली होती. त्यातून कुणी 'डेझी' बनवला, ग्रीनने त्या 'डेझी'त आणखी फेरफार करून शेवटी एकच जिवंत राहील असा खेळ रचला, आणि २०१७ मध्ये त्याची पबजी झाली. दुसऱ्याने केलेला खेळ उघडायचा, मोडायचा, पुन्हा जोडायचा. याच छंदाला आपण हॅकिंग म्हणून नाक मुरडतो.

पण याच ठिकाणी माझ्या बाजूचे लोकही एक गोष्ट लपवतात. असा जन्मलेला खेळ बीडच्या पोराच्या फोनवर पोहोचला तोपर्यंत त्याला चहूबाजूंनी टाळे लागलेले होते. 'आर्मा' उघडता यायचा. मोबाईलवरची पबजी उघडता येत नाही. ग्रीनला साधने मिळाली, आपल्या पोराला फक्त बंदुकीचे नवे रंग विकत घ्यायचे बटण मिळाले. म्हणून 'गेम खेळून पोरं हुशार होतात' असे सरसकट म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. तासन्तास पबजी खेळल्याने प्रोग्रामिंग येत नाही. खेळ कसा बनला, हा प्रश्न पडल्यावर आणि त्याचे उत्तर शोधायला वाट मिळाल्यावर ते येते. प्रश्न बहुतेक पोरांना पडतो. वाट मिळत नाही.

व्यसनाचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला जागा दिली, ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. मात्र तिथली व्याख्या कडक आहे: खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ झाला आहे, नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालले आहे. सुट्टीत चार तास फ्री फायर खेळणारा प्रत्येक पोरगा रोगी नव्हे. जो आहे त्याला डॉक्टरकडे नेले पाहिजे, आणि अंबाजोगाईला तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. बंदीने काय साधते ते मात्र आपण पाहिले. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाली, तीही माहितीच्या सुरक्षेच्या कारणाने, पोरांच्या काळजीने नव्हे. जुलै २०२१ मध्ये ती बीजीएमआय या नव्या नावाने आली, २०२२ मध्ये पुन्हा काढली गेली, २०२३ मध्ये पुन्हा परतली. मधल्या काळात पोरे फ्री फायरवर गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीही बंद झाली तेव्हा फ्री फायर मॅक्स होतीच. राजकोटमध्ये तर २०१९ साली पबजी खेळली म्हणून पोलिसांनी महाविद्यालयीन मुलांना अटक केली होती. त्या अटकेने कुणाचे व्यसन सुटले?

शिवाय बीडमध्ये हा आक्षेप घेताना गावाकडे नीट पाहावे लागते. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन जोडप्यामागून जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. धारूर, पाटोदा, शिरूरच्या कित्येक वस्त्यांवर पाच-सहा महिने म्हातारी माणसे आणि पोरे उरतात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती कुठे चालते, कुठे कागदावर असते. अशा घरात आजीच्या हाताशी पोर गप्प बसवायचे एकच साधन असते, तो फोन. त्याच फोनवर आईचा आवाजही येतो. तो फोन म्हणजे दुष्टशक्ती असल्याचे भाषण शहरातून येऊन ठोकणे सोपे आहे. उसाच्या फडाने रिकामे केलेले घर गेमने रिकामे केले असे म्हणणे हा अन्याय आहे, आणि उचलीच्या प्रश्नावर न बोलण्याची ती एक सोयीची पद्धतही आहे.

'हॅकिंग शिकवले तर चोर तयार होतील', हा आणखी एक आक्षेप, आणि तो सर्वात जास्त चालतो. लोकांच्या खात्यातून पैसे जातात ते कसे, हे पाहावे. वीज तोडण्याचा मेसेज, बँकेतून बोलतोय म्हणून फोन, लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल, 'डिजिटल अटके'ची धमकी. यात बहुतेक वेळा कुणी यंत्राला फसवत नाही, माणसाला फसवतात. त्यासाठी लागते ती गोड जीभ आणि पाठ केलेली संहिता. आणि ती एपीके फाइल उघडून आत काय परवानग्या मागितल्या आहेत हे दाखवू शकणारा गल्लीतला पोरगा हाच त्यावरचा सर्वात स्वस्त पहारेकरी. राहता राहिला कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रात शिरण्याबद्दल भरपाई सांगते. ६६ व्या कलमाखाली गुन्हा ठरायला तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेले असावे लागते. म्हणजे स्वतःच्या यंत्राची चिरफाड करणाऱ्याला भिण्याचे कारण नाही. अडचण येते ती सार्वजनिक व्यवस्थेतली चूक दाखवणाऱ्याला. सद्हेतूने तपासणी करणाऱ्याला हा कायदा स्पष्ट संरक्षण देत नाही, आणि अनुभव कडू आहे. ऑगस्ट २०१० मध्ये हैदराबादच्या हरी प्रसाद यांना मुंबई पोलिसांनी अटक केली. त्यांनी परदेशी अभ्यासकांसोबत एक मतदान यंत्र उघडून त्यातल्या त्रुटी मांडल्या होत्या, आणि ते यंत्र मुंबईच्या सरकारी गोदामातून चोरीला गेलेले असल्याचा आरोप होता. यंत्र त्यांच्याकडे आले कसे, हे पोलिसांनी विचारणे गैर नव्हते. पण अभ्यासकाला यंत्र रीतसर का मिळत नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही. पुढे मताची छापील चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट आले. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेची मागणी फेटाळली, यंत्रांवर विश्वास दाखवला, आणि त्याच निकालात पराभूत उमेदवारांना पाच टक्के यंत्रांची स्मृती अभियंत्यांकडून तपासून घेण्याची मुभाही दिली. ईव्हीएमवर माझे मत काय, हा इथला मुद्दाच नाही. साध्या मतदाराला उघडून पाहायची रीतसर सोय नसली की काय होते, ते डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत दिसले: गावकऱ्यांनी स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचे ठरवले आणि गावात जमावबंदी लागली. सरकारी कागद उघडून पाहायचा हक्क या राज्याने २००२ मध्ये, केंद्राच्याही आधी मान्य केला. कागदाची जागा यंत्राने घेतल्यावर तो हक्क मागे का पडावा?

एमएस-सीआयटीविषयी मला आकस नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावी लाखो लोकांच्या, विशेषतः मुलींच्या, हाताला पहिल्यांदा माऊस लागला. ते काम मोठे होते. पण सरकारी नोकरीच्या अटीत बसल्यापासून तो अभ्यासक्रम प्रमाणपत्रापुरता उरला, आणि त्यात शिकायचे ते दुसऱ्याने बनवलेल्या खिडकीत टंकायला. ज्या राज्यात १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने परम संगणक उभा केला, त्या राज्याच्या कित्येक तालुक्यांत संगणक शिकणे म्हणजे फॉर्म भरता येणे, असा अर्थ रूढ व्हावा हे खटकते. त्यातून तयार होतो तो चांगला ऑपरेटर. पोर्टल जे मागेल ते भरणारा. पीकविम्याच्या पोर्टलने जे मागितले, तेही असेच भरले गेले.

यंत्रे उघडून पाहण्याचा हा छंद पुण्या-मुंबईच्या पोरांना परवडतो, आमच्याकडे पोटाची भ्रांत, असे म्हणणारे आहेत. त्यांना उत्तर द्यायला, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्यांना परदेशी कंपन्या देतात त्या बक्षिसांचे आकडे मी देणार नाही. ती थोड्यांना मिळतात. पण या छंदाइतका स्वस्त छंद दुसरा नाही. लिनक्स फुकट आहे, ती शिकवणारे साहित्य फुकट आहे, दहा वर्षांपूर्वीच्या संगणकावर ती सुखाने चालते. आणि तसे संगणक शाळांमध्ये आहेत. आयसीटी योजनेत खासगी कंपन्यांनी बसवलेल्या संगणक कक्षांचा पाच वर्षांचा करार संपला, निदेशक घरी गेले, कुठे बिल थकल्याने वीजही गेली, आणि यंत्रे धूळ खात पडली. परळीला औष्णिक वीज केंद्र असलेल्या जिल्ह्यात ही स्थिती असावी, हे असो. मुख्याध्यापक ते संगणक पोरांना देत नाहीत यात त्यांचा कोतेपणा नाही. ते यंत्र डेडस्टॉक रजिस्टरला चढलेले असते, आणि पोराने त्याचा स्क्रू काढला तर उद्या लेखापरीक्षणात वसुली आपल्या पगारातून होईल, ही भीती रास्त आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला हे एका परिपत्रकाने सोडवता येईल: मुदत संपलेले संगणक निर्लेखित करून भंगारवाल्याला किलोने विकण्याआधी त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांना खोलायला, जोडायला आणि बिघडवायला द्यावेत, आणि बिघडले तर कुणाकडूनही वसुली होणार नाही असे त्यात स्पष्ट लिहावे.